कालवा, मोटार आणि माग : गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या पाहण्यांची हकीकत

साताऱ्याचे नामांकित वकील रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी आपल्या मिळकतीतून काढून दिलेल्या देणगीच्या आधारावर, भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली, ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेची स्थापना झाली. ज्या पुरुषाचे नाव संस्थेला देण्यात आले, त्याने १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर केलेल्या पहिल्याच भाषणात सरकारी जमाखर्चातील शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नसून अवाजवी करभाराची खूण आहे, असे सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध करून दाखविले होते. तेव्हा आकडा हे सत्ताधाऱ्याच्या दप्तरातील शस्त्र असले तरी ते रयतेच्या बाजूनेही चालविता येते, हा नामदार गोखल्यांचा वारसा संस्थेकडे जन्मतःच चालत आला. मात्र गोखल्यांना सरकारने गोळा केलेल्या आकड्यांवर विसंबावे लागले, आणि संस्थेने आपले आकडे स्वतः खेडोपाडी व गल्लोगल्ली हिंडून जमविले. या लेखात संस्थेच्या सर्व कार्याचा आढावा घेण्याचा विचार नाही. संघराज्य, वेतनमान, लोकसंख्या व दारिद्र्य यांविषयीचे तिचे लेखन विख्यात आहे, आणि काळे स्मारक व्याख्यानमालेत डॉ. आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ रोजी संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य या विषयावर दिलेले व्याख्यान तर आपल्या राजकीय विचाराच्या इतिहासाचा भाग होऊन बसले आहे. येथे तिच्या कार्यातील एकच धागा हाती घ्यावयाचा आहे, आणि तो म्हणजे एखादे नवे यंत्र, नवे तंत्र किंवा नवे बांधकाम समाजात आले असता प्रत्यक्षात त्याचा उपयोग कोण करतो, कोणत्या शर्तीवर करतो आणि त्यापासून कोणाच्या पदरात काय पडते, याचा संस्थेने केलेला शोध.

संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे स्थापनेपासून १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्या जागेवर होते. सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ते पुण्यास आले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते. परंतु केंब्रिज येथे लिहिलेला आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीविषयीचा त्यांचा ग्रंथ तोपर्यंत अभ्यासकांच्या हाती गेलेला होता. रेल्वे, गिरणी व परदेशी माल यांच्या आगमनाने गावगाड्यातील कारागिराची आणि शहरातील कसबी माणसाची काय अवस्था झाली, हा त्या ग्रंथातील एक मुख्य प्रश्न होय. ग्रंथ लिहिताना त्यांना शासकीय अहवाल, गॅझेटियरे व आयोगांपुढील साक्षी यांवर भिस्त ठेवावी लागली होती. पुण्यास आल्यावर त्यांनी तोच प्रश्न प्रत्यक्ष पाहणीच्या रीतीने पुन्हा हाती घेतला, आणि संस्थेच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील बहुतेक पाहण्यांचे मूळ माझ्या मते तेथेच आहे.

पुण्याच्या फळबाजाराची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानंतर दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, गाडगीळ व गोगटे यांचा मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीवरील अहवाल बाहेर आला. त्या काळी मोटार ही वस्तू खेड्यात नवी होती. पहिल्या महायुद्धानंतर बाहेरून आलेल्या गाड्यांच्या सांगाड्यांवर गावच्या सुताराकडून लाकडी टप व बाके बसवून घ्यावीत, निम्मी रक्कम कर्जाने आणि उरलेली हप्त्याने फेडावी, आणि बाजाराच्या दिवशी माणसे, टोपल्या व कोंबड्या यांनी गाडी भरल्याखेरीज ती हलवू नये, अशा रीतीने चालणारा हा धंदा विद्वानांच्या नजरेस पडण्यासारखा नव्हता. इंग्रज सरकारला त्यात आस्था होती ती रेल्वेचे उत्पन्न बुडते म्हणून. १९३३ साली मिचेल व कर्कनेस यांनी केलेली चौकशी मुख्यतः त्याच चिंतेतून निघाली होती. पुण्याच्या संस्थेने तोच विषय दुसऱ्या टोकाने धरला. गाडी कोणाच्या मालकीची, भांडवल कोठून आले, एका मार्गावर किती मालक एकमेकांचे भाडे पाडतात, टायर व पेट्रोल यांचा खर्च वजा जाता हाती काय उरते, आणि पावसाळ्यात रस्ता बंद पडला की कर्जाचा हप्ता कशातून भरतात, हे या अभ्यासाचे प्रश्न होते. एकेका गाडीच्या मालकांची जीवघेणी चढाओढ आणि तिच्यावरील नियमनाची निकड यांची चर्चा पुढे देशभर झाली, १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, आणि १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्या बसचे श्रेय एका अहवालाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या वाहनाने महाराष्ट्रातील खेड्याचे बाजाराशी, शाळेशी व दवाखान्याशी असलेले नाते पालटून टाकले, त्याच्या बाल्यावस्थेचा सविस्तर जमाखर्च आपल्याजवळ आहे तो या पाहणीमुळेच.

यानंतर संस्थेच्या सर्व पाहण्यांत मला श्रेष्ठ वाटणाऱ्या पाहणीकडे येतो. ती गोदावरी व प्रवरा कालव्यांची. दख्खनचे कालवे बांधले गेले ते दुष्काळाच्या धसक्याने. १८७६-७७ आणि १८९९-१९०० या दोन महादुष्काळांनंतर नेमलेल्या आयोगांनी असे ठरविले की, अवर्षणाच्या पट्ट्यात पाटबंधाऱ्यांवर गुंतविलेले भांडवल व्याजासह वसूल झाले नाही तरी चालेल, कारण त्या बांधकामांचा हेतू संरक्षणाचा आहे. या धोरणातून दारणा नदीवर धरण होऊन नांदूर-मधमेश्वरपासून गोदावरीचे दोन कालवे निघाले, आणि प्रवरेवर भंडारदरा येथे सुमारे २७० फूट उंचीचे दगडी धरण उभे राहून १९२६ मध्ये पुरे झाले. बांधणाऱ्यांच्या मनातला नकाशा असा होता की, ज्वारी-बाजरीच्या विस्तीर्ण क्षेत्राला आणीबाणीच्या वेळी एक-दोन पाणी मिळेल आणि दुष्काळात रयत गाव सोडून जाणार नाही.

घडले ते निराळे. पाऊस बरा झाला त्या साली ज्वारीवाल्या शेतकऱ्याला कालव्याचे पाणी नको असे, आणि पाऊस ओढला की सर्वांना एकदमच हवे असे. त्यामुळे पाणीपट्टीचे उत्पन्न कधीच भरवशाचे होईना. तोटा भरून काढण्यासाठी पाटबंधारे खात्याला बारमाही पाणी घेणारे आणि त्याचा आकार नियमाने भरणारे गिऱ्हाईक लागले, व ते उसाच्या रूपाने मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर सुरू केलेली ब्लॉक पद्धत, म्हणजे ठरावीक क्षेत्राला ठरावीक मुदतीपर्यंत पाण्याची हमी, ही या व्यवहाराची कायदेशीर चौकट ठरली. ऊस पिकविण्याचे, त्याला खत घालण्याचे आणि गुऱ्हाळ चालविण्याचे कसब मात्र कोपरगाव-राहात्याकडील कोरडवाहू कुणब्याजवळ नव्हते. ते सासवडच्या माळ्यांजवळ होते, आणि ही मंडळी नीरेच्या कालव्यावरून प्रवरा व गोदावरीच्या पाटापर्यंत बैल, काहिली व कुटुंबकबिला घेऊन आली, स्थानिक खातेदारांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि पाहता पाहता माळराने हिरवी केली. म्हणजे धरण बांधले इंजिनियरांनी, परंतु त्या पाण्याचा उपयोग कसा व्हावा हे ठरविले खात्याच्या वसुलीने, खंडाच्या कराराने आणि एका जातसमूहाच्या हातातील वंशपरंपरागत विद्येने. ही गोष्ट अभियंत्यांच्या कोणत्याही आराखड्यात लिहिलेली नव्हती.

संस्थेने १९३० च्या दशकाच्या अखेरीस या प्रदेशाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ असे शब्द आहेत. पाटबंधारे खात्याच्या वहीत हे कालवे तोट्याचे होते, आणि खात्याच्या दृष्टीने हिशेब तेथेच संपत होता. गाडगीळांनी विचारले की, वही कोणाची? सरकारला मिळालेली पाणीपट्टी ही लाभाची एक बाजू झाली. परंतु बागाईत गावातल्या शेतकऱ्याचे वाढलेले उत्पन्न, कोरडवाहू मुलखातून खुरपणी-तोडणीला येणाऱ्या मजुराला मिळालेले काम, गाडीवानाची वाहतूक, गावातल्या दुकानदाराची उलाढाल आणि दुष्काळी कामांवर न झालेला सरकारी खर्च, हे सर्व कोणत्या खात्यावर मांडायचे? यासाठी कालव्याच्या लाभक्षेत्रातील खेडी आणि त्यांच्यासारखीच परंतु पाणी न मिळालेली खेडी निवडून दोहोंची तुलना करण्याची रीत या पाहणीने घालून दिली. आज ही रीत अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचयाची आहे. त्या काळी आपल्याकडे ती सहसा कोणी अवलंबीत नसे. तुलनेत गुणाबरोबर दोषही उघड होतात. पाण्याच्या अतिवापराने आणि निचऱ्याच्या अभावाने जमिनी पाणथळ व चोपण होत चालल्याचे नीरा कालव्यावर पूर्वीच दिसून आले होते, आणि पाणी वाढेल तसतशी लहान खातेदाराची जमीन खंडाने किंवा कर्जाने भांडवलवाल्याकडे जाते की काय, ही शंका तर बागाईत मुलखात हिंडणाऱ्या कोणाही विचारी माणसाला पडत असे.

पाहणी म्हणजे काय, याची कल्पना छापील कोष्टकांवरून येत नाही. एखाद्या गावी जावयाचे तर अन्वेषकाला प्रथम चावडीत बसून कुळकर्ण्याच्या दप्तरातून खाती, पीकपाहणी आणि जमीनमहसुलाचे आकडे उतरून घ्यावे लागत. मग घरोघर फिरून प्रत्येक कुटुंबाचा तक्ता भरावा लागे. बैल किती, मोटेचे की गाडीचे. विहीर स्वतःची की भागीची. सावकाराचे देणे किती, दस्तऐवजाने की तोंडी. घरातले कोण कोठे कामाला जाते आणि रोज काय मिळते. शेतकरी आपले कर्ज वाढवून सांगतो आणि पीक कमी करून सांगतो, हे अन्वेषकाला दुसऱ्या घरीच कळून चुके. मग बियाणे किती पायल्या टाकले, कडबा किती पेंढ्या झाला, कणसे किती गाड्या घरी आली, असे आडवळणाने विचारून तो आकडा पडताळून घ्यावा लागे. दुपारी घरात पुरुष नसत, म्हणून दिवेलागणीनंतर पुन्हा फेरी. अशा शेकडो तक्त्यांची बेरीज कागदावर हाताने होत असे. या कामावर राबलेल्या तरुण पदवीधरांपैकी बहुतेकांची नावे मुखपृष्ठावर कधीच आली नाहीत. संस्थेच्या कीर्तीचे ते समान वाटेकरी आहेत, आणि त्यांचे स्मरण प्रथम झाले पाहिजे.

मागाच्या बाबतीत संस्थेला निराळेच दृश्य दिसले. सोलापुरातील विणकर समाजांची सामाजिक व आर्थिक पाहणी आर. जी. काकडे यांनी केली व ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि इतर विणकर या शहरात हातमागावर लुगडी विणत होते, आणि त्यांच्या शेजारीच १८७७ पासून जुनी गिरणी वाफेवर चालत होती. गिरणीने हातमाग नाहीसा केला, हे सरसकट विधान सोलापुरास लागू पडत नव्हते, कारण काठापदराची, निरनिराळ्या लांबीरुंदीची व विशिष्ट जातींच्या आवडीची लुगडी थोड्या थोड्या नगांत विणणे गिरणीला परवडत नव्हते. उलट, झटक्याच्या धोट्यासारख्या लहानशा सुधारणेने हातमागाची गती वाढविली होती. परंतु वाढलेल्या गतीचा लाभ मागावर बसणाऱ्याला मिळाला काय? माग कारखानदाराचा, सूत व्यापाऱ्याचे, घर भाड्याचे आणि लग्नकार्याला घेतलेली उचल डोक्यावर, अशा स्थितीत विणकर वेगाने विणू लागला तरी मजुरीचा दर नगावर ठरलेला असल्यामुळे आणि तो दर दुसऱ्याच कोणाच्या हाती असल्यामुळे त्याच्या घरची चूल फारशी वेगळी पेटत नव्हती. शिवाय मागावर एक माणूस दिसत असला तरी त्याच्यामागे कांड्या भरणारी बायको, सूत उकलणारी मुले आणि पाजणीला हात लावणारी म्हातारी माणसे असतात. नगाच्या मजुरीत या सर्वांची मजुरी मिसळलेली असते आणि हिशेबात मात्र ती एकट्या पुरुषाची मानली जाते. यंत्रमाग पुढे घराघरांत आला तेव्हा यांपैकी कोणाचे काम गेले, हा प्रश्न मला आजही पुरता सुटलेला वाटत नाही.

पुणे शहराच्या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये व दुसरा १९५२ मध्ये निघाला. कोल्हापूर शहराच्या पाहणीच्या तीन खंडांचे काम संस्थेतील प्रा. सोवनी यांनी १९४८ ते १९५२ या काळात पुरे केले. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी तर त्याआधीच, १९४० मध्ये, प्रसिद्ध झालेली होती. यांपैकी पुण्याच्या पाहणीचे एक वैशिष्ट्य सांगितलेच पाहिजे, ते हे की, ती एकदा करून संस्था थांबली नाही. पुनःपाहणीचा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला, आणि मधल्या काळात महायुद्ध, फाळणी, निर्वासितांची वस्ती व दारूगोळ्याच्या कारखान्यांची वाढ यांमुळे पुणेकराच्या रोजगारात व मिळकतीत काय पालट झाला, हे त्यामुळे तपासता आले. नव्या उद्योगाचा परिणाम एका पिढीत पुरता दिसत नाही, ही गोष्ट सर्वांना मान्य असते. परंतु त्यासाठी पुन्हा त्याच गल्लीत जाण्याचे कष्ट फार थोड्या संस्था घेतात.

स्वातंत्र्यानंतर या पद्धतीला देशव्यापी मागणी आली. नियोजन आयोगाच्या संशोधन समितीने मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या लाभाच्या पाहण्या निरनिराळ्या विद्यापीठांकडे सोपविल्या, तेव्हा प्रवरा-गोदावरीचा अहवाल सर्वांपुढे नमुना म्हणून होता. संस्थेच्या वाट्याला ओरिसातील महानदीवरील हिराकूड धरण आले. प्रा. सोवनी व नीलकंठ रथ यांचा त्यावरील ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. वीज, पूरनियंत्रण व सिंचन असे तिहेरी काम एकाच भिंतीकडून अपेक्षिणाऱ्या त्या प्रकल्पात लाभाची विभागणी करणे दख्खनच्या कालव्यापेक्षा कितीतरी अवघड होते. १९५४ पासून संस्थेत कृषि-आर्थिक संशोधन केंद्र चालू झाले आणि १९५९ मध्ये ‘अर्थविज्ञान’ हे नियतकालिक निघाले. याच काळात कुमुदिनी दांडेकर यांनी लोकसंख्याशास्त्राची शाखा मोठी केली. सहा ग्रामीण वस्त्यांची त्यांची पाहणी १९५९ ची, आणि कुटुंबनियोजनाचा संदेश खेड्यात कसा पोहोचतो याच्या प्रयोगाचा वृत्तान्त १९६७ चा. साधन दवाखान्यात उपलब्ध आहे एवढ्यावर ते वापरात येत नाही. सांगणारी व्यक्ती कोण, ऐकणाऱ्या बाईला घरात निर्णयाचा अधिकार किती, आणि शस्त्रक्रियेच्या शिबिरात आलेला पुरुष स्वेच्छेने आला काय, या प्रश्नांना त्यांनी आकड्यांइतकेच वजन दिले. कालव्याच्या पाहणीतून वाहत आलेलीच ही दृष्टी आहे, असे मला वाटते.

पाहणी करणारे गाडगीळ आणि सहकारी साखर कारखाना उभारणारे गाडगीळ ही दोन वेगळी माणसे नव्हेत. सरकारने साखरेला १९३२ मध्ये संरक्षण दिल्यानंतर खासगी कारखान्यांनी कालव्याच्या पट्ट्यात मुळे रोवली, आणि बागाईतदार हा केवळ ऊस पुरविणारा किंवा जमीन खंडाने देणारा होऊन राहतो की काय असे भय निर्माण झाले. १९४५ मध्ये बेलापूर रोड येथे गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली बागाईतदारांची परिषद भरली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या अविश्रांत खटपटीने लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, आणि त्याचे अध्यक्षपद आरंभीची वर्षे गाडगीळांनी सांभाळले. ज्या खेड्यांतून तक्ते भरून आणले त्याच खेड्यांत यंत्राची मालकी ऊसवाल्याकडे नेण्याचा हा उद्योग होता. विखे पाटलांसारखा शाळेत फारसा न शिकलेला परंतु विलक्षण जाणता शेतकरी आणि केंब्रिजचा पदवीधर यांनी एका टेबलाशी बसून भागभांडवलाचा विचार करावा, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील अत्यंत भाग्याची घटना होय.

गाडगीळांनंतर १९६६ मध्ये वि. म. दांडेकर संचालक झाले व १९८० पर्यंत राहिले. संख्याशास्त्राची शिस्त, निर्भीड भाषा आणि प्रचलित समजुतींवर प्रहार करण्याची हौस हे त्यांचे गुण सर्वश्रुत आहेत. रथ यांच्या सहकार्याने लिहिलेल्या व १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील दारिद्र्यावरील प्रबंधाने त्यांचे नाव देशभर केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांनी दत्ता देशमुख व देऊस्कर यांच्यासह केलेला १९७९ चा अहवाल मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात त्यांनी राज्यातील प्रकल्पांवर बारमाहीऐवजी आठमाही पाणी द्यावे, म्हणजे कालव्याचे पाणी खरीप व रब्बीसाठी अधिक क्षेत्रावर पसरावे आणि उन्हाळ्यात उसासाठी ज्याला हवे त्याने विहिरीचे पाणी वापरावे, असे सुचविले. दुष्काळी रयतेसाठी बांधलेला कालवा थोड्या उसाच्या मुळाशी आटून जातो, हे प्रवरेच्या पाहणीपासून संस्थेच्या दप्तरात जमत आलेले ज्ञान होते. दांडेकरांनी त्याचा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत मांडण्याचे धैर्य केले. ज्या सहकारी कारखान्याच्या पायाभरणीत संस्थेच्या पहिल्या संचालकाचा हात होता, त्याच उसाच्या पाण्यावर दुसऱ्या संचालकाने मर्यादा सुचवावी, यात मला विसंगती दिसत नाही. दोघांचाही प्रश्न एकच होता. पाणी कोणाला?

संस्थेला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता तेथे पदव्युत्तर वर्ग भरतात आणि संगणकावर क्षणात कोष्टके तयार होतात. या प्रगतीचा आनंद मानूनही एक खंत नोंदवल्यावाचून राहवत नाही. या पाहण्यांचे बहुतेक अहवाल इंग्रजीत आहेत. ज्या शेतकऱ्याने दिवेलागणीनंतर आपल्या बैलांची व कर्जाची माहिती दिली, त्याच्या नातवाला ते वाचता येत नाहीत. निदान मोटारबस, कालवे व सोलापूरचे विणकर या तीन अहवालांचे मराठी भाषांतर संस्थेने स्वतः करवून घ्यावे. आणि त्याहून मोठे काम म्हणजे प्रवरा व गोदावरीच्या त्याच खेड्यांची पुनःपाहणी. त्या गावांत आता ठिबकच्या नळ्या आहेत, कूपनलिका आहेत, तोडणीचे यंत्र येऊ घातले आहे आणि हवामानाचा अंदाज शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. ठिबकचे अनुदान कोणत्या खातेदारापर्यंत पोहोचले, कूपनलिकेने शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी किती खाली नेले, आणि तोडणीचे यंत्र आल्यावर बीड-पाथर्डीकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबाने कोठे जावे, हे विचारण्यासाठी संस्थेच्या दप्तरात जुने तक्ते तयार आहेत; अन्वेषक तेवढा पुन्हा त्या चावडीत गेला पाहिजे.